एका धाग्याची पिशवी

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोंकास ग्वाहिरा नांवाचें एक द्वीपकल्प कॅरिबियन समुद्रांत शिरलेलें आहे. त्याचा बहुतेक भाग कोलंबियांत व उरलेला व्हेनेझुएलांत मोडतो. भूमि रुक्ष, पाऊस थोडा, जिकडेतिकडे निवडुंग आणि शेळ्यांचे कळप, असा तो प्रदेश. तेथील वयू लोकांत कूळ आईकडून चालतें. आणि कुळाप्रमाणेंच विणण्याची विद्याहि मुलीला आईकडूनच मिळते.

ही विद्या मूळ कोणी दिली? वयू लोक सांगतात, जाळें विणणाऱ्या कोळ्यानें. त्याचें नांव वालेकेरू. मुलगी वयांत आली म्हणजे तिला कांहीं काळ एकांतांत ठेवण्याची त्यांची जुनी चाल आहे. त्या काळांत घरांतील वडील स्त्रिया तिला विणकाम शिकवितात, आणि बाहेर येते ती जाणती स्त्री म्हणून.

त्यांची मोचिला नांवाची पिशवी क्रोशाच्या सुईनें होते. प्रथम गोल तळ, मग त्यावर फेरामागून फेर घेत उभा भाग, आणि शेवटीं खांद्याचा पट्टा व तोंड आवळण्याची गोंडेदार दोरी. अंगावरील नक्षीस 'कानास' म्हणतात. कासवाची पाठ, घोड्याच्या पावलांचे ठसे, अशीं रोजचीं दृश्यें तींत रेषा व चौकोन होऊन उतरतात.

परंतु पिशवी पिशवींत फरक असतो. एका धाग्यानें विणलेली पिशवी घट्ट व रेखीव होते; मात्र तिच्यापायीं तीन आठवडे सहज जातात. दोन धागे एकत्र घेऊन विणलेली पिशवी थोड्याच दिवसांत पुरी होते. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच भासतात, आणि घासाघीस करणारा दलाल याच भासाचा फायदा घेतो.

सन 2011 मध्यें कोलंबियानें वयू विणकामाच्या नांवास उगमस्थानाचें कायदेशीर संरक्षण दिलें. हें योग्यच झालें. तथापि त्या शिक्क्यावरून माल कोठला तें कळतें; त्यांत किती दिवसांचे श्रम आहेत तें कळत नाहीं. तीन आठवड्यांच्या कामाला चार दिवसांचा मोबदला मिळूं लागला, तर कोणती आई आपल्या मुलीस एका धाग्याचें काम शिकवीत बसेल?

म्हणून अशी पिशवी हातीं आल्यास घेणाऱ्यानें आधीं टांके जवळून पाहावेत, धागा एकेरी कीं दुहेरी हें विचारावें, आणि मगच किंमत महाग कीं स्वस्त तें ठरवावें.