लाल दिव्याची साक्ष तपासून घ्या
(कुडवा, जि. गोंदिया येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



लाल दिवा म्हटला की पूर्वी मंत्र्यांची गाडी डोळ्यांसमोर यायची. १ मे २०१७ पासून ते दिवे उतरले. आपल्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डावरचा लाल दिवा मात्र अजून अधिकारावर आहे. तो लागला की चालते काम थांबते आणि मिस्त्री म्हणतो, "इंजिन खोलावे लागेल."

इंजिन खोलणे म्हणजे काय, हे कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखाला सांगायला नको. पाऊस पडतो, वाफसा येतो आणि चार दिवसांत निघून जातो. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर शेडमध्ये उघडा पडला तर पेरणी हुकते. इथे कुडव्याच्या आसपास धान आहे, चिखलणीची घाई आहे. पीक वेगळे, पण घाई तीच आणि ट्रॅक्टरही तोच.

म्हणून आम्ही आज एकच गोष्ट सांगणार आहोत. दिवा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. साक्षीदार कधी खरे बोलतो, कधी खोटे बोलतो, कधी गप्प बसतो. त्यातला सर्वांत घातक गप्प बसणारा. निकाल देण्याआधी साक्ष तपासा. त्याला लागतो एक पाना आणि दहा मिनिटे.

ऑइलच्या दिव्याचेच बघा. बॅटरीचा करंट किल्लीतून फ्यूजमध्ये जातो, तिथून बल्बमध्ये, आणि बल्बमधून एक वायर इंजिनवर बसवलेल्या ऑइल स्विचला जाते. इंजिन बंद असले की ऑइलला दाब नसतो, स्विच आतून जोडलेला असतो, करंट इंजिनच्या लोखंडात उतरतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की दाब वाढतो, स्विच तुटतो, दिवा विझतो. एवढेच शास्त्र आहे. घरातल्या बल्बपेक्षा यात फार काही जास्त नाही.

आता तपासणी. पहिली गोष्ट, इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवा. ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर "बरे झाले, काही बिघाड नाही" असे समजू नका. पहारेकरी झोपला आहे. उद्या ऑइल संपले तरी तो हाक मारणार नाही, आणि बेअरिंग जळाल्यावरच तुम्हाला कळेल. अशा वेळी ऑइल स्विचची वायर काढा आणि तिचे टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा लागला तर बल्ब, फ्यूज आणि वायर ठीक. दोष स्विचचा, किंवा त्याच्या आट्यांत रंग-गंज बसून अर्थ तुटल्याचा. दिवा लागला नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वायर बघा.

दुसरी गोष्ट, इंजिन चालू असताना दिवा लागलेला राहिला तर आधी इंजिन बंद करा. शेताच्या धुऱ्यापर्यंतही नेऊ नका. ट्रॅक्टर सपाट जागी असेल तर थोडे थांबून पट्टी काढून ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर भरा. पातळी बरोबर असेल तर स्विचची वायर काढून हवेत धरा आणि नुसती किल्ली फिरवा. तरीही दिवा लागला, तर वायर वाटेत कुठेतरी सोलून लोखंडाला लागली आहे. कडब्याच्या गंजीशेजारी ट्रॅक्टर उभा असतो, तिथे उंदीर वायर कुरतडतात. धानाच्या बांधीत चिखलपाणी जोडात शिरून गंज धरतो. अशा वेळी इंजिन खोलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वायर काढल्यावर दिवा विझला, तर वायर निर्दोष. मग एकतर स्विच खराब आहे, नाहीतर दाब खरोखरच कमी आहे. इथे अंदाज चालत नाही. स्विच काढून त्या जागी दाबाचा काट्याचा गेज लावायला मिस्त्रीला सांगा. दाब ठीक निघाला तर नवा स्विच बसवा आणि कामाला लागा. दाब कमी निघाला तर मिस्त्री खरे बोलला. मग इंजिनावर खर्च करा. पण गेज लावल्याशिवाय "खोला" म्हणणाऱ्याला पाना हातात देऊ नका, आणि दिवा खोटा ठरवून इंजिन ओढूही नका.

बॅटरीचा लाल दिवाही असाच तपासा. अनेक अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करण्यासाठी पहिला करंट याच बल्बमधून मिळतो. म्हणजे एक छोटा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकते. आणि आपण मात्र नवी बॅटरी घेऊन येतो.

एक सावधगिरी. हे सारे एका वायरीच्या साध्या स्विचचे सांगितले. स्विचला दोन-तीन वायरी असतील, किंवा गाडीत कॉम्प्युटर असेल, तर वायर टेकवून बघू नका. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत आणि १ जानेवारी २०२३ पासूनच्या ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांत पिवळा इंजिनदिवा स्कॅनरशिवाय बोलत नाही. स्कॅनरवर जो कोड येईल तो कागदावर लिहून घ्या. नुसता कोड पुसून दिवा विझवणे ही दुरुस्ती नव्हे.

आणि इथेच आपल्या हक्काचा प्रश्न येतो. यंत्र आपण पैसे मोजून घेतले. मग त्याचा आजार समजून घेण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात का? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे धरली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तर १ जानेवारी २०२४ पासून कायदाच आहे: शेतीयंत्रे बनवणाऱ्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला दिले पाहिजे. तिथल्या मोठ्या शेतकऱ्याला जे हवे, ते पाच एकरवाल्याला जास्त हवे. नवा ट्रॅक्टर घेताना वायरिंगचा नकाशा मागा, मराठीत मागा. एकाने मागितला तर हसतील. गावाने मागितला तर द्यावा लागेल.

ती लढाई चालेल तेव्हा चालेल. उद्या सकाळी मात्र एवढे करा. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करण्याआधी क्षणभर थांबा आणि लागलेले दिवे मोजा. एक जरी कमी भरला, तर त्याला शोधा आणि मगच शेतात जा.