पाऊण इंचाचा फूट

आमचं तामलवाडी सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. टोलनाका जवळच, त्यामुळे ट्रक-ट्रेलरांची रांग रोजच्या पाहण्यातली. कवितेखेरीज मला एक नाद आहे, या गाड्यांच्या लहान प्रतिकृती करण्याचा. बाजारात खेळण्यातले ट्रक मिळतात. पण त्यांची चाकं मोठी, केबिन फुगीर, हौदा आखूड. पोरांना ते चालतं. ज्याने जन्मभर गाडी चालवली त्याला चालत नाही.

असा एक माणूस आमच्या घरात आहे. माझे चाचा. त्यांची टाटा १६१२ भंगारात गेली त्याला बरीच वर्षं झाली. मागे उरला एक फोटो. आता चाचांची नजरही जवळजवळ गेली आहे. म्हणजे मी केलेली गाडी ते पाहणार नाहीत, चाचपणार. रंगरंगोटीने बोटांना फसवता येत नाही. तेव्हा सगळी भिस्त मापांवर.

आधी प्रमाण ठरवावं लागतं. जपानच्या टामिया कंपनीचे चालणारे ट्रक १:१४ मापाचे असतात, प्लॅस्टिकचे जुळणीसंच बरेचसे १:२४ चे. मी १:१६ घेतो. कारण साधं आहे. फुटाचे इंच बारा. बाराला सोळाने भागलं की पाऊण. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे माझा पाऊण इंच. आपल्याकडे बॉडी बांधणारे मिस्त्री काय, ड्रायव्हर काय, हौदा फुटांतच सांगतात. सतरा फुटी हौदा म्हणजे पावणेतेरा इंच. जुन्या शाळांत पाऊणकी पाठ करून घेत, ती इथे उपयोगी पडते.

फोटोवरून मापं काढायची तर त्यात एक तरी ओळखीचं माप हवं. ट्रकच्या बाबतीत ते म्हणजे टायर. चाचांना त्यांच्या टायरचा आकडा अजून पाठ आहे: १०.००-२०. रुंदी साधारण दहा इंच, रिंग वीस इंची. असं टायर उभं सुमारे १.०५ मीटर भरतं. फोटो बाजूने सरळ काढलेला असावा. पुढचं आणि मागचं टायर सारख्याच उंचीचं भरलं आणि दोन्ही गोल दिसली, तर तो भरवशाचा. अंड्यासारखी दिसली तर गाडीची लांबीही तेवढीच आखडली आहे असं समजावं. आमच्या फोटोत टायर १३ मिलिमीटर आणि पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर ५२. म्हणजे चार टायर, ४.२ मीटर. टाटाच्या या जातीच्या गाड्यांच्या नावापुढे ‘/४२’ असा आकडा येतो तो याच अंतराचा. ताळा जुळला. सोळाने भागून अंतर आलं २६२.५ मिलिमीटर, टायर ६६.

सगळंच असं भागून चालत नाही. दोन मिलिमीटरचा पत्रा सोळाने भागला तर कागद हाती येतो. तिथे बाहेरचं माप राखायचं आणि जाडी आत ढकलायची.

चाचांची अट एकच होती: “खाली नक्को रे, भरी हुई बना.” खरं कोडं इथे आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाने घटतात, म्हणून वजन घटतं ४०९६ पटीने. सोळा टनांची भरलेली गाडी चार किलोंची होते. पण पोलादाचे पाटे त्या हिशेबाने मऊ होत नाहीत. हुबेहूब सोळाव्या मापाचे पाटे घातले तर चार किलोंखाली ते वाकल्याचं जाणवतही नाही, आणि भरलेली गाडी रिकामी वाटते. म्हणून पाटे मुद्दाम पातळ करायचे. उर्दू गझलेत वजन राखण्यासाठी शब्दाची मात्रा पाडतात, त्यातलाच हा प्रकार. मला तो मंजूर आहे. चाचांनी मागच्या टायरवरून बोट वर पाट्यापर्यंत नेलं, हौद्याखाली उरलेली जागा चाचपली आणि विचारलं, “क्या भरा है?”

“कांदा,” मी म्हणालो. “सोलापूर मार्केटला.”

ट्रेलरचं गणित त्या मानाने सोपं, कारण कंटेनरची मापं जगभर ठरलेली आहेत. रुंदी आठ फूट, म्हणजे सहा इंच. चाळीस फुटी कंटेनर तीस इंच. वीस फुटी मात्र नावाचाच वीस. तो ६.०५८ मीटर, म्हणजे वीस फुटांना दीड इंच कमी. दोन वीस फुटी कंटेनर एका चाळीस फुटीच्या जागेत बसावेत आणि मध्ये तीन इंचांची फट राहावी, म्हणून. माझ्या मापात ही फट पाच मिलिमीटरसुद्धा नाही, पण ठेवावी लागते. नाहीतर दोन डबे एकच दिसतात.

अडचण आहे ती लांबीची. ओढणाऱ्या घोड्यासकट चाळीस फुटी ट्रेलर पन्नास फुटांच्या पुढे जातो, म्हणजे साडेसदतीस इंचांहून जास्त. आमच्या कपाटाचा खण छत्तीस इंचांचा. तेव्हा ट्रेलरपुरता मी १:३२ वर आलो आहे.