शोकनायकाचा अधःपात आणि बाहेरचे आघात

शोकान्त नाटकाचा पडदा पडला म्हणजे नाट्यगृहाबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांत एक वाद हटकून ऐकूं येतो. नायकाचा नाश कोणीं केला? एक पक्ष खलपुरुषाला शिव्यांची लाखोली वाहतो. दुसरा म्हणतो, नायकाचा स्वभावच तसा. त्याला कोण काय करणार? हे दोन्ही पक्ष अर्धेंच सत्य बोलतात. बाहेरचा आघात आणि आंतला दोष यांची गांठ कोणत्या ठिकाणीं पडते, हें पाहिल्यावांचून शोकान्त नाटकाचें मर्म हातीं लागत नाहीं.

शोकनायक कसा असावा, याचा विचार ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें पूर्वींच करून ठेविला आहे. तो सर्वगुणसंपन्न नसावा आणि नीचहि नसावा. त्याचा पात दुष्टपणानें नव्हे, तर एखाद्या मोठ्या प्रमादानें व्हावा. हा प्रमाद नायकाच्या हातून घडतो खरा. परंतु तो घडावयास निमित्त बहुधा बाहेरून येतें.

शेक्सपिअरच्या मॅक्बेथ नाटकांत चेटकिणींचें भविष्य एकटा मॅक्बेथ ऐकत नाहीं. त्याचा सोबती बँक्वो हाहि तें ऐकतो. शब्द दोघांच्याहि कानीं पडतात. बँक्वो संशयानें मान हलवून पुढें चालूं लागतो, आणि मॅक्बेथ विचारांत गढून जातो. चेटकिणी त्याला राजाचा खून करावयास सांगत नाहींत. पुढें त्याची पत्नी त्याच्या पौरुषालाच डिंवचते आणि मग त्याच्या हातांत खंजीर येतो. ऑथेल्लोची गोष्टहि अशीच आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘झुंझारराव’ या १८९० सालच्या रूपांतरामुळें ती मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची झाली. रणांगणावर न डगमगणारा हा सेनापति व्हेनिसच्या घरगुती जीवनाला मात्र परकाच होता. आयागोनें घाव घातला तो नेमका या परकेपणावर. तेथील स्त्रियांच्या चालीरीतीविषयीं त्यानें जें सांगितलें, तें पडताळून पाहण्यापुरता अनुभव ऑथेल्लोच्या गांठीं नव्हता.

आतां राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाकडे वळूं. गडकरी १९१९ च्या जानेवारींत निवर्तले, आणि पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. याचा नायक सुधाकर हा बुद्धिमान, सरळ आणि तेजस्वी वकील आहे. परंतु मानी आहे, आणि त्याच्या मानीपणाला लवचिकपणा नाहीं. न्यायासनासमोर त्याचा अपमान होतो, त्याच्या सनदेवर गदा येते. जखम ताजी असतां त्याचा कारकून तळीराम विसर पाडणारा पहिला पेला पुढें करतो. हाच तळीराम आठ दिवस आधीं आला असता, तर सुधाकरानें त्याला बहुधा हंसून वाटेस लाविलें असतें. त्याचें सामर्थ्य त्याच्या बोलण्यांत नाहीं, त्यानें गांठलेल्या वेळेंत आहे. आणि सुधाकराला सावरूं शकणारा स्नेही रामलाल याच सुमारास विलायतेच्या वाटेला लागतो. वाईट संगतीचें आगमन आणि चांगल्या संगतीचें निर्गमन एकाच वेळीं व्हावें, ही गडकऱ्यांची योजना सहेतुक आहे.

तरी देखील सारा दोष तळीरामावर टाकतां येत नाहीं. तो स्वतः मद्यानें पोखरून अंथरुणास खिळतो; सुधाकराला पेला देण्यास त्याची गरजच उरत नाहीं. उलट सिंधूच्या श्रीमंत माहेरची मदत सुधाकराचा अभिमान घरांत येऊं देत नाहीं, आणि ती साध्वी दळण दळून संसार रेटते. ज्या अभिमानानें तळीरामाला दार उघडलें, त्याच अभिमानानें पद्माकराला तें लाविलें.

मात्र नाटककाराचें खरें धैर्य यापुढें दिसतें. मध्यंतरीं सुधाकर शुद्धीवर येतो, पेला टाकतो आणि काम मागण्यासाठीं प्रतिष्ठित लोकांकडे जातो. ते त्याला दारुड्या म्हणून झिडकारतात. न्यायमंदिरांत जेथें पहिला घाव बसला, तेथेंच हा दुसरा बसतो. या वेळीं पेला भरावयास तळीराम लागत नाहीं. ज्यांच्या ओठांना मद्याचा थेंबहि लागला नसेल, अशा सभ्य गृहस्थांनीं त्याला पुन्हां पेल्याकडे लोटलें. त्यानंतर अपत्याचा घात, सिंधूचा मृत्यु आणि शेवटीं विषाचा पेला, हा क्रम थोपविणारें कोणी उरत नाहीं.

याच नाटकांतला भगीरथ प्रेमभंगाच्या दुःखानें मद्याकडे वळलेला आहे. पण रामलाल त्याला हात देतो, जगण्यास कांहीं कार्य देतो, आणि तो सावरतो. तोच हात सुधाकरापुढेंहि आला होता. भगीरथाला तो धरतां आला, सुधाकराला धरतां आला नाहीं. एवढा वांटा सुधाकराच्या स्वभावाचा. परंतु परतीच्या वाटेवर भगीरथाला कोणीं झिडकारलें नाहीं, सुधाकराला झिडकारलें. तेवढा वांटा जगाचा.

या हिशेबांत शोकनायकाला निर्दोष ठरविण्याचा हेतु नाहीं. बाहेरचा आघात नवीन दोष निर्माण करीत नाहीं, असलेली चीर रुंदावतो, हेंच वरील तिन्ही नाटकें दाखवितात. पण प्रत्येकाच्या भिंतींत कोठें ना कोठें चीर असतेच, आणि बहुतेकांचीं घरें उभीं राहतात तीं घाव न बसल्यामुळें, किंवा घाव बसल्यावर कोणी टेंकू दिल्यामुळें. तळीरामाला शिव्या देत घरीं परतणाऱ्या प्रेक्षकानें एवढें स्मरावें कीं, त्या नाटकांत तळीराम एकच आहे. दार लावून घेणारे सज्जन मात्र पुष्कळ आहेत. उद्यां एखादा सुधाकर काम मागण्यास आपल्या दारीं उभा राहिला, तर आपला शब्द यांपैकीं कोणाचा असेल, हें ठरविणें त्याच्याच हातीं आहे.