पदवी झाली, पुढच्या प्रवेशाला वर्ष आहे, मग त्या वर्षाचं काय करायचं?

(प्रभागसंघाच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हजेरी झाली, बचत झाली, परतफेडीवरून थोडं भांडणही झालं. आता अध्यक्षताईंनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय कर्जाचा नाही, पण शेवटी कर्जापर्यंत येणार आहे, म्हणून कुणी उठू नका.

फुलंब्री, गंगापूर, पैठण, कुठल्याही गावात गटाच्या बैठकीला गेलं की एक वाक्य ऐकायला मिळतं. "पोरगी बी.एस्सी. झाली, आता घरीच आहे." कुणाची नर्सिंग झालेली असते, कुणाची बी.ए.एम.एस. मुलगी म्हणते, मला दवाखान्याच्या क्षेत्रातच जायचंय, पण या वर्षी नंबर लागला नाही, पुढच्या वर्षी परीक्षा देते. आणि आई मला बाजूला घेऊन विचारते, "वर्षभर घरी ठेवायची म्हणजे लोक काय म्हणतील हो?"

खरं तर लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. आपल्याकडे पोरगी "शिकतेय" तोवर स्थळ आणणाऱ्याला सांगायला एक उत्तर असतं. शिक्षण थांबलं की ते उत्तर संपतं. तीन महिन्यांत मामा स्थळ घेऊन येतो, सहा महिन्यांत साखरपुडा होतो, आणि पुढच्या वर्षीची परीक्षा पुढच्याच वर्षी राहते. म्हणून मी आज या एका वर्षाबद्दल बोलणार आहे. इंग्रजीत त्याला गॅप इयर म्हणतात. आपण मधलं वर्ष म्हणू.

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर आधी पदवी घ्यावी लागते आणि मग मेडिकल कॉलेज. तिथे पदवी झाल्यावर एक-दोन वर्षं दवाखान्यात, प्रयोगशाळेत नाहीतर एखाद्या संस्थेत काम करणं अगदी सर्रास आहे. कॉलेजवालेही विचारतात, या काळात काय केलंस, रुग्ण जवळून पाहिलेस का? म्हणजे मधलं वर्ष ही तिकडे लपवायची गोष्ट नाही.

पण अमेरिका लांब राहिली. आपण जामखेडला जाऊ. आपला शेजारचा जिल्हा, अहिल्यानगर. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी भाग. डॉक्टर गावात राहायला तयार नाहीत. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याचशा निरक्षर किंवा जेमतेम शिकलेल्या, आणि त्यांना शिकवलं. बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या लेकराला कसं वाचवायचं, कुष्ठरोग्याला घरातून बाहेर काढायचं नाही, हे सगळं. १९७९ साली आरोळे पती-पत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज परदेशातले डॉक्टरकीचे विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या गावातल्या बायकाही असतात. एवढ्या लांबून पोरं येतात आणि आपली पदवीधर पोरगी, जी मराठी बोलते, जिला गाव कळतं, ती एसटीने जाता येईल एवढ्या अंतरावर असून तिला हे माहीतच नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरं ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रियांचा कुठला ना कुठला आजार निघाला. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध मासिकात छापून आलं. मावश्यांनो, अंगावरून पांढरं जाणं, पाळीत पोट दुखणं, हे आपण "बाईच्या जातीला असतंच" म्हणून सोडून देतो. ते असतंच असं नाही, तो आजार आहे, हे कुणीतरी गावात येऊन विचारल्याशिवाय जगाला कळलं नाही.

त्याच सर्चने पुढे ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज तुमच्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, त्या कामाचं मूळ तिथे आहे. २०११ पासून ते देशभर सुरू झालं.

हे सगळं सांगायचं कारण, या संस्थेने २००६ साली तरुण मुलामुलींसाठी 'निर्माण' नावाचा उपक्रम सुरू केला. शिबिरं होतात, आणि ज्यांना पुढे खरोखर काम करून बघायचंय त्यांच्यासाठी 'कर के देखो' नावाची फेलोशिप आहे. फेलोशिप म्हणजे ठरावीक मुदतीचं काम आणि त्यासोबत दरमहा खर्चाला पैसे. स्टेट बँकेचीही एक आहे, 'यूथ फॉर इंडिया'. ती १३ महिन्यांची, पदवीधरांसाठी, वय २१ ते ३२. मुलांना खेड्यात एखाद्या संस्थेसोबत ठेवतात, आरोग्य हा त्यातला एक विषय. दोन्हीकडे निवड होते, मुलाखत होते, सगळ्यांना मिळत नाही. तरी अर्ज करायला हरकत काय?

आता म्हणाल, गडचिरोली कुठे आणि आम्ही कुठे. एकटी पोरगी एवढ्या लांब पाठवायची नाही. ठीक आहे, मग घराजवळचं बघू.

जिल्ह्यात आपली घाटी आहे, १९५६ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज. सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. हेडगेवार रुग्णालय आहे, काही डॉक्टरांनी मिळून १९८९ साली उभं केलेलं. त्यांचं वस्त्यांमध्ये आणि गावांमध्येही काम चालतं. प्रत्येक तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, खाली प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र. इथे शिकाऊ म्हणून काम मिळण्याचा एक रस्ता म्हणजे २०२४ साली आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. वय १८ ते ३५. पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, पुढे वाढवली. हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही, हे घरी नीट समजावून सांगा, नाहीतर मुदत संपल्यावर "काढून टाकलं" अशी बोंब होते. सध्या कुठल्या जागा आहेत ते जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रात जाऊन विचारायचं. फोनवर विचारण्यापेक्षा गेलेलं बरं.

बी.ए.एम.एस. किंवा नर्सिंगची पदवी झालेल्या मुलींसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हा रस्ता आहे. त्यासाठीचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. नंतर काम उपकेंद्रात, म्हणजे गावातच. एम.डी.ची तयारी करायची असेल तरी गावातल्या बीपी-शुगरच्या पेशंटसोबत काढलेलं वर्ष पुस्तकात मिळत नाही.

साध्या बी.एस्सी.वाल्या मुलींना वाटतं आपल्याला दवाखान्यात काही जागाच नाही. प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायचं असेल तर बी.एस्सी.नंतर डी.एम.एल.टी. करता येतं. सार्वजनिक आरोग्यात एम.पी.एच. करता येतं, मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे, पुणे विद्यापीठात आहे. आणि मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. आहे म्हणून सांगते, सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असं एक पद असतं. ज्याच्यासोबत कुणी नाही, ज्याच्याकडे पैसे नाहीत, अशा रुग्णाला योजनेतून उपचार मिळवून देणं हे त्यांचं काम. डॉक्टर आणि नर्स सोडून दवाखान्यात किती माणसं लागतात हे आत गेल्याशिवाय कळत नाही. मधल्या वर्षाचा मोठा उपयोग हाच. मुलीला कळतं की रक्त, वास, रात्रपाळी, रडणारे नातेवाईक हे आपल्याला झेपतं की नाही. नाही झेपलं तर तेही लवकर कळलेलं चांगलं, पाच वर्षं आणि पाच लाख घालवून कळण्यापेक्षा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्या मुलीला यंदा चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळतोय, तिने वर्ष सोडू नये. शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मिळालेली जागा फीच्या भीतीने घालवू नका, आधी चौकशी करा. आणि लातूरला जाऊन नीटची तिसरी-चौथी फेरी मारणं याला मी मधलं वर्ष म्हणत नाही. ते तेच वर्ष पुन्हा जगणं झालं. नीटला वयाची वरची अट नाही हे खरं, पण घराच्या पैशाला अट असतेच ना.

आता फसवणुकीबद्दल. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा पाट्या तुम्ही बसस्टँडवर पाहिल्या असतील. त्या कोर्सला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते का, एवढा एकच प्रश्न विचारा. नोंदणी नाही म्हणजे नर्स नाही. खाजगी दवाखान्यात शिकायला म्हणून ठेवतात आणि वर्षभर फक्त केसपेपर काढायला आणि फरशी पुसायला लावतात, असंही होतं. माझ्या एका मैत्रिणीचे मूळ मार्कशीट एका दवाखान्याने ठेवून घेतले होते. प्रवेशाची तारीख आली तरी देईनात. चार हेलपाटे मारले तिने. म्हणून झेरॉक्स द्यायची, मूळ कागद कधीच नाही.

कामाला लागण्याआधी पत्र घ्यायचं. त्यात काम काय, किती महिने, पैसे किती, वेळ कोणती, हे लिहिलेलं हवं. त्या पत्राचा आणखी एक उपयोग आहे, मामा स्थळ घेऊन आला की त्याच्या हातात ठेवता येतं. सुई, रक्त यांच्याशी संबंध येणार असेल तर कावीळ ब ची लस, तीन डोस, ती देणार का हे विचारायचं. रात्रपाळी असेल तर परत कशी येणार? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तीत कोण आहे हे विचारायला मुलीला लाज वाटेल, तर आईने विचारावं. काम संपलं की अनुभवाचं प्रमाणपत्र. पुढे प्रवेश घेताना कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतं, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मधल्या वर्षाची माहिती द्यावी लागते. तेव्हा हेच कागद लागतात. आणि मुख्यमंत्री फेलोशिपसाठी तर किमान एक वर्षाचा अनुभवच मागतात.

आता कर्जाकडे येते. आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे आणि शिक्षणही आहे. म्हशीसाठी आपण गटातून कर्ज देतो, लग्नासाठी मागितलं तरी फार कुरकुर न करता देतो. मग परीक्षेची फी, शहरात खोलीचं डिपॉझिट, पहिल्या दोन महिन्यांचं बसभाडं आणि मेसचे पैसे, यासाठी अंतर्गत कर्ज का नाही? विद्यावेतन सुरू झालं की हप्ता सुरू. रक्कम मोठी नसते, पण वेळेवर लागते. माझी विनंती आहे की प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत यावर ठराव घ्यावा. विरोध असेल तर तोही इतिवृत्तात लिहा, आपण बोलू.

सीआरपी ताईंना एक काम देते. आपापल्या गावात पदवी झालेल्या आणि दवाखान्याच्या क्षेत्रात जायची इच्छा असलेल्या मुलींची यादी करा. नाव, शिक्षण, सध्या काय करते, एवढंच. लग्न ठरलेल्या मुलींचीही नावं घ्या, ठरलंय म्हणून वगळू नका. आणि मुलींनो, तुम्ही पुढच्या महिन्याच्या बैठकीला मार्कशीटची झेरॉक्स घेऊन आईसोबत या. रोजगार केंद्रात पहिल्यांदा आपण सगळ्या मिळून जाऊ, मी सोबत येते. साडेनऊच्या एसटीने.