उपग्रहाचा उशीर आणि पावसाचा अंदाज



बुलढाणा जिल्ह्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेला इथे घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं भाकीत ऐकायला शेतकरी जमतात.

हवामान खातं मात्र वेगळ्या खुणा शोधतं. त्यातली एक येते, चक्क मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांकडून!

हे उपग्रह सतत संदेश पाठवतात. हवेत बाष्प असलं, की संदेश किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या अब्जाव्या भागांत मोजतात. जमीनमोजणी करणाऱ्यांना तो डोकेदुखी वाटतो. हवामानशास्त्रज्ञांना तोच हवा असतो. उशीर कोरड्या हवेमुळेही होतो; पण हवेचा दाब ठाऊक असला, की तो वजा करता येतो.

उरतो तो बाष्पाचा.

म्हणजे, श्रोतेहो, बाष्प जितकं जास्त, तितका संदेशाला उशीर.

हा उशीर मोजायला हवामान खात्याची केंद्रं देशभर आहेत. एक नागपूरला, एक छत्रपती संभाजीनगरला. बुलढाणा या दोहोंच्या मधे.

पण विदर्भाचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो. भर समुद्रात अशी केंद्रं कशी उभारणार, आणि हवा मोजणारे फुगे रोज सोडणार कोण?

तिथे दुसरी युक्ती. क्षितिजाआड जाणाऱ्या उपग्रहाचा संदेश हवेतून येताना वाकतो. खालच्या कक्षेतला दुसरा उपग्रह तो टिपतो. किती वाकला, यावरून तापमान आणि बाष्प कळतं. भारताच्या ओशनसॅट-२ उपग्रहावर, २००९ साली, असं इटालियन उपकरण गेलं होतं.

उपग्रहांच्या या नोंदी फुगे आणि रडारच्या नोंदींसोबत संगणकाच्या प्रारूपात जातात. एकट्या त्यांच्यावरून बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत किंवा मेहकरात पाऊस कधी पडेल, हे सांगता येत नाही.