खाल्ल्या मिठाचा हिशेब



परक्याच्या पंक्तीला जेवून आलेला मनुष्य त्या घरच्या मंडळींविषयी पुढे बोलताना आपला आवाज जरा खालच्या पट्टीत लावतो, हे कोणा शास्त्रीबोवांनी समजावून सांगावे लागत नाही. मिंधेपणा या एका शब्दात आपल्या भाषेने त्याचे सारे भाष्य करून ठेवले आहे. परंतु जेवणारा जर कायदे करणारा असेल, आणि वाढणाऱ्याचा हितसंबंध नेमका त्याच कायद्यांत गुंतलेला असेल, तर काय करावे, या प्रश्नाला अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, जे उत्तर शोधले आहे त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

सन २००० मध्ये प्रतिनिधिगृहातील बहुमतवाल्या पक्षाचे प्रतोद टॉम डिले हे लंडन व स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेले, आणि गोल्फच्या भक्तांना काशीसारखे असलेले सेंट अँड्र्यूज त्या वाटेवर होते. हा खर्च एका ना-नफा संस्थेने सोसला, असे सरकारदप्तरी रीतसर नमूद झाले. पुढे २००५ साली वृत्तपत्रांनी पावत्या उजेडात आणल्या, तेव्हा डिले यांच्या विमानाचे भाडे जॅक अब्रामॉफ नामक लॉबिस्टाच्या, म्हणजे पैसे घेऊन अशिलांसाठी संसदेत रदबदली करणाऱ्या गृहस्थाच्या, क्रेडिट कार्डावर पडलेले आढळले. आणि लॉबिस्टाने असा खर्च करण्यास तेव्हाही मज्जाव होता. संस्थेनेच पैसे भरले अशी आपली समजूत होती, असे डिले यांचे म्हणणे. अब्रामॉफने जानेवारी २००६ मध्ये आपले इतर अपराध न्यायालयात कबूल केले, आणि २००२ साली त्याच्याबरोबर स्कॉटलंडला जाऊन आलेले बॉब ने हे प्रतिनिधी तीस महिन्यांच्या कैदेस पात्र ठरले.

याच सुमारास शोधपत्रकारांच्या एका संस्थेने दप्तरातील कागद मोजले, तेव्हा जानेवारी २००० ते जून २००५ या साडेपाच वर्षांत सभासदांनी व त्यांच्या नोकरवर्गाने मिळून सुमारे २३,००० प्रवास परक्या पैशाने केले आणि त्यांचा खर्च जवळजवळ पाच कोटी डॉलर झाला, असे दिसून आले. नोकरवर्गाचा उल्लेख येथे वरवरचा समजू नये. विधेयकाचा मसुदा, त्यातील स्वल्पविरामासह, बहुधा हीच मंडळी घडवितात. साहेबांना गाठण्यापेक्षा साहेबांच्या मदतनिसाला गाठणे सोपे, हे कचेरीचे उंबरठे झिजविलेल्या कोणालाही ठाऊक असते.

या प्रकरणांनंतर आलेल्या २००७ च्या कायद्याने आणि त्याबरोबरच्या नियमांनी परक्या पैशाचा असा प्रवास बंद केला नाही. त्याला कागद जोडले. निघण्यापूर्वी नीतिसमितीची मंजुरी हवी. यजमानाने स्वतःच्या सहीने लिहून द्यावयाचे की पैसा आपला आहे, दुसऱ्याचा नाही. लॉबिस्ट पदरी बाळगणाऱ्या यजमानाला, विद्यापीठांसारखे अपवाद सोडता, साधारणपणे एका दिवसाच्या कार्यक्रमापुरतीच मुभा. नोकर जाणार असेल तर त्याच्या सभासदाची संमती. आणि परतल्यावर प्रतिनिधिगृहात पंधरा दिवसांत व सीनेटमध्ये तीस दिवसांत भाडे, मुक्काम, भोजन असा खर्चाचा तपशील दाखल करावयाचा, जो कोणाही नागरिकाने उघडून पाहावा. याखेरीज सभासदाच्या वार्षिक संपत्तिविवरणातही या प्रवासांची नोंद असते. ती २०१४ साली नीतिसमितीने गाजावाजा न करता गाळून टाकली, कारण काय तर तीच माहिती अन्यत्र मिळते म्हणून! वृत्तपत्रांत बभ्रा होताच अवघ्या काही दिवसांत ती पुन्हा रुजू झाली. एकच गोष्ट दोन वह्यांत लिहिणे कारकुनाला जाचक वाटते खरे, पण एका वहीवरून दुसरी पडताळता येते, हे जुन्या पेढ्यांवरचे मुनीमही जाणत होते.

तथापि मंजुरीही आहे आणि सहीही आहे, एवढ्याने यजमान खरा ठरत नाही. २०१३ साली दहा प्रतिनिधी आणि त्यांचे बत्तीस कर्मचारी अझरबैजानच्या बाकू शहरी एका परिषदेस गेले. नीतिसमितीची अनुज्ञा होती, यजमान म्हणून अमेरिकेतील ना-नफा संस्थांची नावे होती, आणि परतताना रेशमी रुमाल, चहाचे स्फटिकपात्र, गालिचे अशी आहेरांची बरसातही झाली होती. पुढे चौकशीत निघाले ते असे, की साडेसात लाख डॉलरांची रक्कम अझरबैजानच्या सरकारी तेल कंपनीकडून गुपचूप आली होती. सभासदांना हे ठाऊक असल्याचा पुरावा समितीस मिळाला नाही. मिळालेले आहेर मात्र परत करावे लागले. यजमान संस्थेच्या बाजूने ज्याने कागद भरून दिले होते, त्याने डिसेंबर २०१८ मध्ये न्यायालयात अपराध कबूल केला. हा अपराध प्रवास घडविल्याचा नव्हता. पैसा कोणाचा, या रकान्यात असत्य लिहून काँग्रेसपासून सत्य दडविल्याचा होता, आणि त्याची साक्ष देणारा दस्तऐवज म्हणजे त्याच्याच सहीचे ते प्रमाणपत्र.