आतला रिपोर्ट, घरची माणसं
(ईट येथील बैठकीतील भाषण)



तुरुंग आपल्या चळवळीला नवा नाही. पण पोरगं आत असताना 'त्याच्यावर रिपोर्ट झाला' असा निरोप येतो अन् घर हबकतं. रडत बसू नका, माहिती मागा.

1894 च्या तुरुंग कायद्यात शिक्षा ताकिदीपासून सुरू होते, पण मिळालेली माफीही कापता येते. माफी कापली की सुटका लांबली. म्हणून मुलाखतीत विचारा: आरोप काय, तारीख कोणती, शिक्षा कोणती, तुझं म्हणणं ऐकलं का? लगेच वहीत उतरवा.

सुनील बत्रा या कैद्यानं दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली. 1979 च्या निकालात न्यायालयानं तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला सांगितलं. सत्र न्यायाधीशानं तपासल्याशिवाय एकांत कोठडी नको, तातडीनं दिलीच तर दोन दिवसांत त्यांना कळवा, असंही बजावलं.

म्हणजे साध्या पत्रालाही वजन आहे. 1987 च्या कायद्यानं कैद्याला वकील फुकट मिळतो. धाराशिवला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, पोच घ्या. सातबारा वाचायला शिकलो, तसा हाही कागद वाचायला शिकू.